मदत हवी आहे: गच्चीवरच्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय

पुण्यात गच्चीवर 15 × 15 इंची ग्रो बॅगमध्ये टोमॅटो आहेत. मिश्रण: 40 टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 30 टक्के गांडूळखत, 30 टक्के लाल माती, वर मूठभर निंबोळी पेंड. तासाला 2 लिटरचा ड्रिपर, सकाळी अर्धा तास.

फळ लिंबाएवढं झालं की देठाच्या उलट टोकाला आधी पाणचट डाग येतो, मग तिथे चामड्यासारखा काळा खड्डा पडतो. भोक नाही, विष्ठा नाही, म्हणजे फळ पोखरणारी अळी नव्हे. शेजारच्या चेरी टोमॅटोवर एकही डाग नाही.

फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये, हे उघड आहे. या उन्हात झाडाला दिवसाला 1 लिटर पाणी कमीच. दुपारी पिशवी कोरडी पडते आणि कॅल्शियम तर पाण्याबरोबरच वर चढतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर 2 इंच पाचटाचं आच्छादन करतेय. अंड्याची टरफलं कृपया सुचवू नका, ती विरघळेपर्यंत हंगाम संपतो.

अडलंय ते कोकोपीटपाशी. ते नुसत्या पाण्याने धुतलं होतं, कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवलं नव्हतं. असं कोकोपीट कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतं. आता झाडं फळांवर असताना लिटरला 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मुळाशी दिलं तर पुरेल का? किती दिवसांच्या अंतराने द्यावं? त्यातल्या जास्त नत्राने (नायट्रोजनने) नुसता पाला माजण्याची भीती वाटते. कोकोपीटमध्ये टोमॅटो घेणाऱ्यांनी आपलं प्रमाण आणि पिशवीचा आकार दोन्ही लिहा.