सरांचे आभार मानायचे आहेत, पण ते निरोपासारखे वाटू नयेत

विचारणारा : पूर्व भागातला विद्यार्थी

सर्वांना सलाम. सोलापुरातले माझे एक गुरू आहेत. ते गणिताचे निवृत्त शिक्षक असून आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) त्यांनी तीसहून अधिक वर्षे संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेतले आहे. आम्ही सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतो. गेली तीन वर्षे त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, त्यांचे डायलिसिस होते. वय आणि हृदयाचा त्रास पाहता प्रत्यारोपण करता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो आणि आई विड्या वळून घर चालवीत होती. त्या काळात सर रोज रात्री आठ वाजता आम्हा पाच-सहा मुलांना आपल्या ओसरीवर बसवून गणित शिकवीत. चूक सापडली तरी त्यांनी लाल शाईने कधी काही खोडले नाही. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘पुन्हा पाहा’ एवढेच ते लिहीत. माझी अकरावीची फी त्यांनीच भरली. शिकवणी संपली की ते प्रत्येकाला घरची विचारपूस करीत आणि ज्याची जी अडचण असेल तिचा उल्लेख करून प्रार्थना करीत. प्रार्थना करायला मी तिथेच शिकलो.

सरांना दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिले आहे आणि त्यातच चहा, आमटी, औषधाचे पाणी, सगळे आले. ते सकाळी मापून एक बाटली भरतात आणि खिडकीत ठेवतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेला होता, आम्ही धडधाकट माणसे तांब्यामागून तांब्या रिचवत होतो आणि सर घोटाघोटाचा हिशेब करीत होते. रात्रीच्या गोळ्यांसाठी ते शेवटचे दोन घोट राखून ठेवतात आणि ते घेण्याआधी डोळे मिटून देवाचे आभार मानतात. हे मी त्यांच्याजवळ बसून पाहिले आहे.

मला त्यांना पत्र लिहायचे आहे, परंतु ते वाचून ‘हा माझा निरोप घेतो आहे’ असे त्यांना वाटेल, ही भीती आहे. दुसरे असे की, मागच्या महिन्यात प्रार्थनेसाठी आलेल्या एका पाहुण्याने ‘विश्वास पुरेसा असता तर एव्हाना बरे झाला असता’ असे त्यांच्या तोंडावर सांगितले. सर काहीच बोलले नाहीत. अशा वेळी मी त्यांच्या विश्वासाचे कौतुक लिहिले, तर त्याचेही त्यांना ओझे होईल का?

उत्तर : एक निवृत्त शिक्षिका

भाऊ, आधी त्या पाहुण्याविषयी लिहिते, कारण ते वाचून मला फार वाईट वाटले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि येशू दोन्ही नाकारतो. प्रेषित पौलाने शरीरातला ‘काटा’, म्हणजे त्याला सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, तरी तो काटा निघाला नाही, त्याला कृपेचे आश्वासन मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का? बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर त्यांनी त्याची खरी सेवा केली. बोलायला लागल्यावर त्यांचे चुकले.

तुमच्या प्रश्नाचे म्हणाल, तर माझे यजमान पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते आणि दीड वर्ष कर्करोगाने अंथरुणाला खिळून होते. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या विश्वासाची वाखाणणी करी. एके रात्री ते मला म्हणाले, “आता मला रडायचीही चोरी झाली आहे.” त्या रात्री त्यांनी माझ्याकडून बायबलमधले ८८वे स्तोत्र वाचून घेतले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, पण हे अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ती प्रार्थनाच आहे, याचा त्यांना मोठा आधार वाटला. म्हणून सरांच्या विश्वासाला तुम्ही पत्रात गुण देऊ नका. तुम्हाला काय मिळाले तेवढे लिहा. ओसरी, पेन्सिल, ‘पुन्हा पाहा’ हे सारे तुम्ही आम्हाला इतके छान सांगितले आहे, तेच त्यांना सांगा.

उत्तर : डायलिसिस विभागातला तंत्रज्ञ

दादा, मी ख्रिस्ती नाही, पण सरांसारखे रुग्ण रोज पाहतो म्हणून वेळेबद्दल दोन शब्द लिहितो. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, कारण अंगातले पाणी काढल्यावर गळून गेल्यासारखे होते, कधी पायात पेटके येतात. शनिवार-रविवारचा खंड सर्वांत मोठा, त्यामुळे रविवारी रात्रीपर्यंत अंगात पाणी साठून धाप लागू शकते. मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. शहाळे, केळी किंवा फळांचा रस नेऊ नका, त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शेंगाचटणीही प्रेमाने डब्यात देऊ नका. ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) आहे तो हात दाबून धरू नका; तिथे बोट टेकले तर रक्ताची थरथर जाणवते आणि ती चालू आहे ना, हे बहुतेक रुग्ण रोज सकाळी स्वतः तपासतात. पत्र मोठ्या अक्षरात लिहा किंवा वाचूनच दाखवा.

उत्तर : उपासनेला पेटी वाजवणारा

माझे मत थोडे वेगळे आहे. पत्र निरोपासारखे वाटले तर वाटू द्यावे. तीन वर्षे यंत्रावर असलेल्या माणसाने तो विचार आपल्याआधीच केलेला असतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे काव्य अपुरे राहिले होते आणि ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. सरांचे काय अपुरे आहे, ते त्यांना सरळ विचारा आणि त्यातले तुम्हाला पेलेल ते उचला.

विचारणारा : पूर्व भागातला विद्यार्थी

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. गुरुवारी सकाळी जाऊन आलो. पत्र चार पानांचे झाले होते; विश्वासाबद्दल लिहिलेला सबंध परिच्छेद बाईंच्या सल्ल्यावरून काढून टाकला आणि उरलेले वाचून दाखवले. सरांनी मधेच माझी बोटे आपल्या डाव्या मनगटावर ठेवली. शिवणयंत्र चालू असताना त्याच्या लाकडावर हात ठेवावा तशी ती थरथर होती. “हे बंद पडले की लगेच कळवायचे असते,” असे सांगून त्यांनी पुढे वाचायला लावले.

काय अपुरे आहे, हेही विचारले. संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग तीन वर्षे नीट चाललेला नाही, असे ते म्हणाले, आणि तो घ्यायचे मी कबूल केले आहे.

मग त्यांनी पत्र मागून घेतले, चष्मा लावून पुन्हा वाचले आणि अकरावीच्या फीच्या वाक्यापाशी पेन्सिलीने ‘पुन्हा पाहा’ लिहिले. मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितले की फी त्यांची नव्हतीच. आई विड्यांच्या मजुरीतून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे त्यांच्याकडे आणून ठेवीत असे आणि ते घरात कळू नये, अशी तिने त्यांना गळ घातली होती; वडिलांच्या मनाला लागेल, याची तिला धास्ती होती. वडिलांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, म्हणून सांगितले, असे सर म्हणाले.

ते वाक्य मी काल रात्री आईच्या शेजारी बसून नव्याने लिहिले. येत्या गुरुवारी तीही माझ्याबरोबर सरांकडे येणार आहे.