अनुभव: मारिओ अजून का सुटत नाही?

दिवाळीआधी माळा झाडताना जुन्या साड्यांच्या पेटीमागं व्हिडिओ गेमचा सेट सापडला. दोन रिमोट, एकाची वायर उंदरानं कुरतडलेली, आणि एक पिवळी कॅसेट. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून अडॅप्टर आणला, टीव्हीच्या मागं पिना खोचल्या आणि पडद्यावर मारिओ उभा राहिला.

मी बेचाळीस वर्षांची आहे. रिमोट शेवटचा हातात धरून पंचवीस वर्षं तरी झाली असतील. पण समोरून पहिला तपकिरी राक्षस आला आणि अंगठा आपोआप दाबला गेला. चौथा पाइप ओलांडला, खड्ड्याच्या अलीकडं थांबले, रिकाम्या हवेत उडी मारली आणि लपलेली वीट उमटून हिरवं मश्रूम बाहेर आलं. तिथं वीट आहे हे मला माहीत होतं, असंसुद्धा म्हणता येणार नाही. पोरानं विचारलं, "आई, तुला कसं कळलं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा धागा. तुमच्यापैकी अनेकांनी ही मालिका लहानपणी खेळली, काहीजण अजून खेळता. का? "बालपण छान होतं" एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय राहिलंय, ते सांगा, आणि वर आपली पेठ किंवा गाव लिहा.

मंगळवार पेठ

ताई, त्या हिरव्या मश्रूमचं वाचलं आणि अंगावर काटा आला.

आमच्याकडं घरात सेट नव्हता. गल्लीच्या टोकाला एकजण दोन टीव्ही मांडून बसायचा. अर्ध्या तासाला तीन रुपये. आम्ही सहाजण मिळून तीन रुपये काढायचो, खेळायचा एक आणि पाचजण पाठीमागं उभे. सगळ्यात मोठं धन म्हणजे माहिती. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाचा दुसरा टप्पा, ते जमिनीखालचं आहे बघा, तिथं शेवटाला विटांच्या छपरावर चढून पळत राहिलं की तीन पाइप असलेली खोली येते, तिथून थेट चौथ्या जगात. आमच्या गल्लीत हे पहिल्यांदा एका पोराला सापडलं तेव्हा त्याला आम्ही खांद्यावर घेतला होता. मग ४-२ मधला वेल सापडला, तिथून आठव्या जगात. बत्तीस टप्प्यांचा खेळ आठ टप्प्यांत संपतो! तीन रुपयांत शेवटच्या किल्ल्यातली राजकन्या सोडवायची असेल तर दुसरा मार्गच नव्हता.

आणि एक वही होती. टप्पा संपल्यावर झेंडा उतरतो, मारिओ किल्ल्यात जातो, आणि कधी कधी आतषबाजी होते. कधी होते, कधी होत नाही. आम्ही दरवेळी झेंड्याला हात लागला की उरलेला टाइम वहीत लिहायचो. शाळेच्या गणिताच्या वहीचीच मागची पानं. दोन महिन्यांनी उलगडा झाला: शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तरच फटाके, आणि आकडा जेवढा तेवढेच बार. पुढं कितीतरी वर्षांनी इंटरनेट आलं, तिथं शोधलं. अगदी तेच! १, ३, ६. भावा, मी आता उद्यमनगरात पार्ट तपासायचं काम करतो, मापं घेतो, वहीत लिहितो, चूक कुठून येते ते हुडकतो. हे काम मला पहिल्यांदा कुणी शिकवलं, तर त्या सहा पोरांनी आणि त्या झेंड्यानं.

गल्लीत लोक विचारतात, "अजून मारिओच? नवीन गेम किती आलेत." पेठेत वाढलेला माणूस आपली तालीम बदलतो का? शाहू स्टेडियमवर तालमीचा फुटबॉल संघ हरला तरी पुढच्या मॅचला त्याच बाजूला बसतो. तसंच हे.

राधानगरी तालुका, प्राथमिक शिक्षिका

मी वेगळ्या बाजूनं सांगते. मला हा खेळ आवडतो तो शिक्षक म्हणून, आणि हे मला मोठेपणीच कळलं.

पहिला पडदा आठवा. मारिओ डाव्या कडेला, उजवीकडं मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठं हे कुणी न सांगता कळतं. मग चमकणारा प्रश्नचिन्हाचा चौकोन, आणि लगेच समोरून येणारा एकच राक्षस. आपटलात तर सुरुवातीपासून, पण सुरुवात फक्त चार पावलं मागं. पुढं चौकोनातून मश्रूम निघतं, उजवीकडं सरकतं, पाइपला धडकतं आणि तुमच्याकडंच परत येतं. नुकतंच राक्षसानं मारलेलं असतं, म्हणून याचीही भीती वाटते. पण वर विटा आहेत, जागा कमी आहे, बहुतेक वेळा ते अंगावर येतंच. आणि मारिओ मोठा होतो! भीतीची जागा आनंद घेतो. हे सगळं शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली जाणूनबुजून रचलेलं होतं. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, कॅसेटबरोबर माहितीचा कागद नव्हता, जपान कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. तरी राधानगरीतल्या एका पोरीला क्योतोतल्या माणसाचा धडा समजला.

पहिलीच्या वर्गात नवीन अक्षर घेते तेव्हा मी हाच विचार करते. चुकायला जागा द्यायची, पण चुकल्यावर फार मागं पाठवायचं नाही.

कसबा बावडा

आमच्या आजीला टीव्हीचं काही वेड नव्हतं. पण टाइम शंभरच्या खाली गेला की मारिओचं गाणं जोरात पळायला लागतं, आणि ते ऐकून ती स्वयंपाकघरातून हातातली परात घेऊन यायची. "अगं पळ, पळ की! थांबलीस काय?" ती नाणी मोजायची. शंभर झाली की एक जीव वाढतो हे तिनं स्वतः ओळखलं होतं. पाण्यातला टप्पा तिला आवडत नसे, म्हणायची, "ह्याला पोहायला कुणी पाठवलं?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; त्या आठवड्यात पाणी त्याच्या किती वर गेलं हे इथल्या सगळ्यांना आठवत असेल. आम्ही नावेतून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. आजीचे फोटो गेले. तिनं शिवलेली गोधडी गेली. कपाटातला गेमचा सेट उघडला तर आतून गाळ निघाला. तो मी धुऊन वाळवायचा प्रयत्न केला, कुणास ठाऊक का. चालायची आशा नव्हतीच.

त्या दिवसांत आम्ही राजारामपुरीत मावशीकडं होतो. रात्री झोप येईना. मावशीच्या मुलाच्या मोबाइलवर तो खेळ होता. मी आवाज अगदी बारीक करून १-१ सुरू केलं. ढग तिथंच होता. झुडूप तिथंच होतं. (तो ढग आणि ते झुडूप एकच चित्र आहे, नुसता रंग वेगळा, हे तुम्हाला माहीत आहे का? मला त्या रात्री दिसलं.) पहिली वीट जिथं आजीच्या वेळी होती तिथंच. एक टप्पाही इकडचा तिकडं झाला नव्हता. घरातली एकही वस्तू मूळ जागी नव्हती, आणि हे सगळं होतं. मी टाइम मुद्दाम शंभरच्या खाली जाऊ दिला.

एवढंच लिहायचं होतं.

शिवाजी पेठ, हार्मोनिअम शिकवतो

बावड्याच्या ताईंच्या आजींनी जे ऐकलं त्याबद्दल थोडं. ते संगीत कोजी कोंदो यांचं. त्या यंत्रात एका वेळी वाजणारे आवाज मोजकेच: दोन स्वर, खाली एक खर्जासारखा आणि एक नुसता खरखराट, तालासाठी. एवढ्या भांडवलावर त्यांनी जमिनीवरची, भुयारातली, पाण्यातली आणि किल्ल्यातली अशी चार वेगळी वातावरणं तयार केली. पाण्यातली चाल तीन मात्रांच्या झुल्यावर आहे, म्हणून तिथं हात आपोआप सैल पडतात. जमिनीवरची चाल धावण्या-उडण्याच्या लयीशी जुळावी म्हणून त्यांनी ती बदलून घेतली होती.

मी बारा वर्षांचा असताना पेटीवर पहिल्यांदा स्वतःच्या कानानं बसवलेलं वाजवणं म्हणजे हे गाणं. गुरुजी आत येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी नुसतं विचारलं, "हे कुठलं?" आणि पुन्हा वाजवायला सांगितलं. मग म्हणाले, "हा शेवटचा स्वर कोमल घे, बघ." मीच चुकीचा वाजवत होतो. घरी जाऊन सेट लावला, कान लावून ऐकलं, गुरुजी बरोबर होते. खेळ न पाहता, नुसतं माझं वाजवणं ऐकून.

माझे विद्यार्थी आजही पहिले पाच-सहा स्वर वाजवले की हसतात. पंधरा वर्षांची मुलं. त्यांनी ती कॅसेट कधी पाहिलेली नाही, पण नाणं मिळाल्याचा टिंग आवाज त्यांना माहीत आहे, कारण मालिकेतल्या नव्या खेळांतही तो आवाज ओळखीचाच ठेवलाय.

इचलकरंजी

सगळ्यांचे अनुभव वाचून बरं वाटलं, पण माझा वेगळा आहे आणि तो लिहायला हवा असं वाटतं.

माझं बालपण छान नव्हतं. घरात भांडणं होती, माग बंद पडले होते, वडील कधी कसे वागतील याचा अंदाज नसायचा. त्यामुळं "त्या दिवसांची आठवण येते म्हणून आवडतो" हे माझ्या बाबतीत खरं नाही. ते दिवस मला परत नकोत. मारिओ मात्र हवा.

कारण तो न्याय्य होता. त्याच जागी तीच चूक केली की तोच परिणाम. हातोडे फेकणारे ते दोन भाऊ अवघड होते, पण मार खाल्ला तर का खाल्ला ते कळायचं. लवकर उडी मारली, उशिरा मारली. ४-४ च्या किल्ल्यात चुकीच्या रस्त्यानं गेलं की तोच तोच भाग पुन्हा येत राहतो. पहिले कितीतरी दिवस मला वाटायचं कॅसेट बिघडली. मग लक्षात आलं, यालाही नियम आहे. वर जायचं की खाली, हे शोधलं की सुटतं. घरात असा एकही नियम मला सापडला नव्हता.

आज माझं घर शांत आहे. तरी महिन्यातून एकदा खेळतो.

राजारामपुरी आठवी गल्ली

माझं छोटंसं. मुलीसोबत २०२३ चा नवा मारिओ खेळतो, भावानं परदेशातून आणलेल्या यंत्रावर. त्यात मारिओचा हत्ती होतो! सोंडेनं विटा फोडतो, फुलांना पाणी घालतो. सात वर्षांची पोरगी हसून हसून लोळते. पण हिरवा पाइप दिसला की मी म्हणतो, "खाली दाब," आणि ती खाली जाते. चाळीस वर्षांत चित्र बदललं, मारिओ १९९६ ला सपाट पडद्यातून बाहेर येऊन चहूबाजूंनी फिरायला लागला, पण पाइप दिसला की खाली दाबून बघायचं, हे तेच.

कागल, संगणकाचं काम

एकच भर. तो संपूर्ण खेळ, बत्तीस टप्पे, सगळं संगीत, सगळी चित्रं, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आपण सकाळी पाठवतो ती फुलांची शुभेच्छांची चित्रं बहुतेकदा याहून मोठी असतात. ढग आणि झुडूप एकच चित्र का, याचं उत्तरही यातच आहे: जागा नव्हती. आणि ३-१ च्या पायऱ्यांवर कासवावर उड्या मारून मारून आम्ही जीव वाढवायचो, तेव्हा जास्त हाव केली की एकदा मेल्यावर थेट खेळच संपायचा. मला ती शिक्षा वाटायची. पुढं हे काम शिकल्यावर कळलं, आकडा १२७ च्या पुढं गेला की यंत्र त्याला उणे समजतं. त्या दिवशी ऑफिसात मी एकटाच उभा राहून टाळी वाजवली होती. अकराव्या वर्षापासून पडलेला प्रश्न होता तो.

धागा काढणारी

सगळं वाचतेय. दोन-तीन अनुभव घरात मोठ्यानं वाचून दाखवले. बावड्याच्या ताई, तुमचा वाचताना मध्येच थांबावं लागलं.

पोरगा आता माझ्यापेक्षा चांगला खेळतो. त्याला छपरावरचा रस्ता सांगितला नाही, स्वतः सापडू दे म्हटलं. सरळ मार्गानं एकेक जग करत तो ७-४ ला पोचलाय आणि तिथं अडकलाय. तोही तसाच चक्रव्यूह, तोच भाग पुन्हा पुन्हा येतो. काल रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघं वर-खाली करत बसलो. मी हे कधी सोडवलं होतं की आम्ही कायम उडी मारून आठव्या जगातच जायचो, हेही आठवत नाही. मंगळवार पेठेच्या दादा, वहीत ७-४ चा रस्ता आहे का?

मंगळवार पेठ

वही राहिली नाही ताई. आणि रस्ता सांगायला बसलो तर सांगता येईना. आत्ता डोळे मिटून दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्या वळणाला गाडी अडते. रिमोट हातात आला तर येईल. रविवारी सकाळी येतो, पोराला सांगून ठेवा.