मांगराच्या फळ्यांना घरी शिजवलेला लाल रंग : आमच्या पावसात टिकेल का?

नमस्कार मंडळी,

गोव्यात सत्तरीत आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) जुना मांगर, म्हणजे बागेतलं कोठार आहे. जांभ्याचं जोतं, वर किंदळीच्या फळ्या, नळ्यांचं छप्पर. फळ्यांना रंधा मारलेला नाही, रंगही कधी लागला नाही. पश्चिमेची बाजू पावसाच्या झडीने काळी पडत चालली आहे आणि मला हा मांगर वाचवायचा आहे. ऑइल पेंट महाग तर आहेच, पण त्याचे पोपडे सुटले की आत पाणी मुरून लाकूड कुजतं, म्हणून तो नकोच.

स्वीडन-फिनलंडमध्ये गोठ्यांना, कोठारांना पिठाचा रंग देतात. साधारण 10 लिटर उकळत्या पाण्यात अर्धा किलो हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवायचं, पाऊण किलो राईचं (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य, rye) पीठ थंड पाण्यात कालवून ओतायचं, खळ शिजली की दोनेक किलो लाल आयर्न ऑक्साइड घालून ढवळत राहायचं. या रंगाचा पापुद्रा बनत नाही, लाकूड श्वास घेतं. जुना झाला की भुकटी होऊन झडतो. ब्रशने झाडून वरून पुन्हा हात मारायचा.

राई इथे कुठली मिळणार! मैदा चालेल का, की तांदळाचं पीठ? काहीजण जवसाचं तेलही घालतात, पण दमट हवेत त्यावर बुरशी धरते ना? आणि डिचोलीकडची लाल माती गाळून वापरली तर? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

दादा, मैदा घ्या, खळ चांगली चिकट होते. तेल घालू नका. बुरशी रोखायचं काम हिराकस करतं. ते खतांच्या दुकानात फेरस सल्फेट म्हणून मिळतं. मातीचं म्हणाल तर नुसती गाळून भागत नाही. पाण्यात ढवळून, रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी वेगळं काढून निवळू द्यावं लागतं. तरी त्यात चिकणमाती उरतेच आणि ती पावसाने धुपते. झडीच्या बाजूला विकतचा ऑक्साइडच वापरा, माती आतल्या बाजूला.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! वाळवीसाठी खालच्या फळ्यांना काजूच्या टरफलांचं तेल आधी लावलं तर?

प्रतिसाद

तेलकट लाकडावर हा पाण्यातला रंग धरणार नाही. जोत्यालगतच्या फळ्यांना फक्त तेल, वर फक्त रंग. तेल लावताना हातमोजे घाला, कातडी भाजते. आणि हे सगळं दिवाळीनंतर, फळ्या पुरत्या सुकल्यावरच करा.