स्टाइनबेकला संपाची गोष्ट कुणी सांगितली?

धारूरकर:
माझे आई-बाप म्हणजे एक कोयता, ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, फिटेपर्यंत सुटका नाही; दसरा झाला की टोळीबरोबर साखर कारखान्यावर. पहिलीचं अर्ध वर्ष मी उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढलं. आता अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कॅलिफोर्नियात पोट भरायला गेलेल्या शेतमजुरांची कादंबरी हाती लागलीय. आठशे माणसं हवी असताना मजूर बोलवायची पाच हजार पत्रकं वाटतात, ते वाचून पुस्तक खाली ठेवलं. हा बाबा स्वतः मजूर चळवळीत होता का, की लांबून बघून लिहिलं?

लातूरचा वाचक:
संघटनेत नव्हता, पण ऐकलं संघटनेच्या माणसांकडूनच. ऑक्टोबर १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यात कापूस वेचणाऱ्यांनी मोठा संप केला. शंभर पौंडांमागं मळेवाले ६० सेंट देत होते, मजूर १ डॉलर मागत होते. मिटलं ७५ सेंटवर. पिक्सली गावात मळेवाल्यांनी गोळ्या झाडल्या, दोघं गेले. या संपातला कार्यकर्ता सिसिल मॅकिडी १९३४ मध्ये माँटेरेजवळ लपून होता, तिथं स्टाइनबेकनं त्याला बोलतं केलं. त्यातून त्याची 'इन ड्युबियस बॅटल' (१९३६) ही संपावरची कादंबरी झाली. फक्त कापसाच्या जागी सफरचंदं आली.

परभणीची:
सफरचंदं चालतील हो, माणसं का बदलली? कापसाच्या संपात निम्म्याहून जास्त मेक्सिकन होते, कादंबरीत सगळे गोरे. मला ते अजून खटकतं. बाकी ऑक्टोबर १९३६ मध्ये त्यानं 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'मध्ये सात लेख लिहिले, त्यासाठी छावण्यांत हिंडला. तिथल्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स त्याला मजुरांच्या नोंदी द्यायचा. तुमच्या हातातलं पुस्तक बायकोला आणि त्या टॉमला अर्पण केलंय, पहिलं पान बघा.

धारूरकर:
बघितलं, आहे. रात्री दादांना फोनवर ६० अन् ७५ चं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "उचल किती होती?" म्हटलं, आपल्यासारखी उचल काही दिसत नाही, माणसं जास्त बोलवायची अन् भाव पाडायचा, असा धंदा. म्हणाले, "मग बरे की ते. पटलं नाही तर निघून तरी जाता येत होतं."

लातूरचा वाचक:
कसलं निघून! संप करताच मळ्यातल्या खोल्यांतून बाहेर काढलं. कॉर्कोरानजवळ हजारो लोक तंबू ठोकून राहिले, लेकराबाळांसकट.

धारूरकर:
सांगितलं दादांना. थोडं थांबून म्हणाले, "कोपीच म्हण की."