"तारा म्हातारा होताना कोणी पाहिला?" – स्पष्टवक्ता यांना उत्तर

गच्चीवरचा

काल इथे स्पष्टवक्ता यांनी लिहिलं की खगोलशास्त्र म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. माणूस जगतो ऐंशी वर्षं, दुर्बीण येऊन झाली चारशे, आणि हे लोक छातीठोकपणे सांगतात की सूर्य दहा अब्ज वर्षं जळणार, मग फुगणार, मग विझणार. "तारा म्हातारा होताना कोणी पाहिला?" असा त्यांचा सवाल. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

प्रश्नाचा राग नाही. प्रश्न चांगलाच आहे. राग आला तो "पगार चालू राहावा म्हणून रचलेल्या गोष्टी" या शब्दांचा.

मे महिन्यात देवगडच्या एखाद्या आंब्याच्या बागेत दुपार काढा. कोयीतून वर आलेलं तांबूस पानांचं रोप दिसेल, फळांनी वाकलेलं झाड दिसेल, भिरुडाने पोखरलेलं जुनं खोडही दिसेल. तुमच्या देखत एकही झाड इंचभर वाढलं नाही, तरी झाडाचं आयुष्य तुम्हाला कळलं. आकाशातही तसंच. मृगाच्या बाणाखाली जो धूसर ठिपका आहे तिथे आज तारे जन्मताहेत. जवळच काक्षी, फुगून तांबडा झालेला. आणि खालच्या व्याधाला एक जोडीदार आहे, श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा: वस्तुमान जवळपास सूर्याएवढं आणि आकार पृथ्वीएवढा. जन्म, म्हातारपण आणि राख, तिन्ही एका रात्रीत, हिवाळ्यात गच्चीवरून त्याच पट्ट्यात.

स्पष्टवक्ता

उपमा छान. पण रोपाचं झाड होतं हे तुमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तुम्हाला बागेतला क्रम लावता येतो. ज्याने आयुष्यात झाड वाढताना पाहिलेलंच नाही, तो उलटंही म्हणेल: मोठं झाड आकसत आकसत शेवटी रोप होतं. तुमच्या शास्त्रज्ञांना क्रम कोणी सांगितला?

विजयदुर्गकर

बागेचं निघालं म्हणून बोलतो, माझी बाग आहे. लहान झाड म्हणजे कमी वयाचं हे शहरातल्या माणसालाच वाटतं. माझ्या वडिलांनी लावलेलं हापूसचं कलम चाळीस वर्षांचं आहे. कुंपणाबाहेरचं रायवळ आपोआप रुजलं, पंधरा वर्षांत कलमाच्या डोक्यावरून गेलं. जात वेगळी की वाढ वेगळी. आकार बघून वय सांगायला जाल तर फसाल.

गच्चीवरचा

विजयदुर्गकर, तुम्ही माझी उपमा मोडलीत, आणि बरोबर मोडलीत. खगोलशास्त्रज्ञ नेमके असेच फसले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री नॉरिस रसेल यांची समजूत अशी होती की तारा आधी मोठा तांबडा असतो, मग आकसून तापतो, मग हळूहळू निवत जातो. म्हणजे स्पष्टवक्ता म्हणतात तसा उलटाच क्रम. गरम ताऱ्यांना "आधीचे" आणि थंड ताऱ्यांना "नंतरचे" म्हणायची पद्धत त्या काळच्या समजुतीतून आली, ती आजही सुटलेली नाही.

चूक सुटली ती तारकागुच्छांमुळे. गुच्छ म्हणजे एकाच पावसाळ्यात लावलेली बाग: वय एक, जाती अनेक, आणि सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे जो तेजस्वी दिसतो तो खरंच तेजस्वी. कृत्तिका घ्या. वय सुमारे 10 कोटी वर्षं, जड निळे तारे अजून धडधडताहेत. कर्क राशीतला मेसिए 67 घ्या. वय सुमारे 4 अब्ज, तिथे तसे निळे संपले, त्यांच्या जागी तांबडे राक्षसी तारे आहेत. शौरी तारकासमूहातला मेसिए 13 तर 11-12 अब्जांच्या घरातला, तिथे सूर्याहून थोडे हलके तारेही फुगायला लागलेत. बाग जितकी जुनी, तितकी कापणी जड ताऱ्यांकडून हलक्यांकडे सरकलेली. क्रम उलटा असता तर हे असं दिसलंच नसतं.

स्पष्टवक्ता

आणि ते 10 कोटी, 4 अब्ज कुठून आले? त्याच गणितातून. गणितावरून वय काढायचं आणि वयावरून गणित खरं म्हणायचं.

खोडदची_माहेरवाशीण

सूर्याचं वय ताऱ्यांच्या गणितातून आलेलं नाही, दादा. ते उल्कापाषाणांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून आलं, 4.57 अब्ज वर्षं. ताऱ्यांचं गणित त्याच्याशी जुळवून बघतात. दोन वेगळ्या वजनकाट्यांवर एकच वजन आलं तर दोन्ही काटे खोटे आहेत असं आपण बाजारात तरी म्हणत नाही.

आणि तारा मरताना "पाहिलेला" हवाय ना? 23 फेब्रुवारी 1987. मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या तारामंडळात, तारा फुटला. प्रकाश दिसायच्या काही तास आधी जपानमध्ये कामिओकाच्या खाणीतल्या टाकीत 11 आणि अमेरिकेतल्या टाकीत 8 न्यूट्रिनो सापडले, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. गाभा कोसळला तर बहुतेक सगळी ऊर्जा न्यूट्रिनोंतून जाईल, हे आधी कागदावर मांडलेलं होतं.

स्पष्टवक्ता

1987 चं मीही वाचलंय. फुटलेला तारा निळा होता. पुस्तकात लिहिलं होतं तांबडा फुटेल. ते का नाही सांगितलंत, ताई?

खोडदची_माहेरवाशीण

निळा होता, मान्य. पुस्तकं त्या बाबतीत चुकली होती. पण तो निळा होता हे कळलं कसं? फुटण्याआधी कित्येक वर्षं त्याची नोंद यादीत करून ठेवणाऱ्या माणसांमुळेच. गोष्टी रचायच्या असत्या तर ती नोंद लपवणं सोपं होतं.

शाळामास्तर

मूळ मुद्द्याकडे या. तारा कशाचा बनलाय हेच कळलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं. वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडला की दिसणारा पट्टा! वर्गात मी टूथपेस्टच्या खोक्यात जुन्या सीडीचा तुकडा बसवून दाखवत असे. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकायचं आणि खोक्याच्या फटीतून बघायचं. निळसर अंधारात एकदम एक पिवळी रेघ उभी राहते, सोडियमची. मुलं "आँ" करायची. ताऱ्याच्या प्रकाशात तीच रेघ दिसली की तिथे सोडियम. त्याला हात लावायची गरज नाही.

आणि अभिमानाची गोष्ट ही की हेलियम याच पद्धतीने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर सापडला. 18 ऑगस्ट 1868, खग्रास सूर्यग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर.

गच्चीवरचा

मास्तर, मिठाचा प्रयोग मी आजच करणार. पण हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हतेच.

विजयदुर्गकर

झालं सुरू! किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" आहेत. माझे आजोबा बोट धरून दाखवायचे, इथे साहेबाने दुर्बीण मांडली. ओटे काय आकाशातून पडले? तुम्ही कधी पाय तरी ठेवलात का किल्ल्यावर?

गच्चीवरचा

दोनदा. ओटे पाहिलेत, हातही लावलाय. ओटे खरे, साहेब खरा, साल चुकलं. लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी तिथे तळ टाकला होता.

1868 च्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते, जॉन हर्शेल (आजोबा विल्यम हर्शेल, वडिलांचंही नाव जॉन) पटवर्धनांच्या जमखंडीत. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत एक पिवळी रेघ दिसली, आणि ती बहुतेकांना सोडियमचीच वाटली. मास्तर, तुमची मिठाची रेघ 589 नॅनोमीटरला आणि ही 587.6 ला, इतकी शेजारी. लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये लंडनला, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवर वर्णपटमापक रोखला आणि ती रेघ सोडियमच्या जागी बसत नाही हे पक्कं केलं. हेलियम हे नाव त्यांचं आणि फ्रँकलंड यांचं. पृथ्वीवर तो सापडायला 1895 उजाडलं, रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजात.

विजयदुर्गकर

पुण्याच्या माणसाला कोकणातलं काहीही मोठं झालेलं बघवत नाही. सी फूड खायला येता, फोटो काढता, आणि आमच्याकडे एक गोष्ट आहे जी जगात कुठेही नाही, तीही काढून घ्यायची? दर 18 ऑगस्टला किल्ल्यावर कार्यक्रम होतो, लहान मुलं भाषणं करतात. त्यांना काय सांगू? आजोबा खोटं बोलले म्हणून?

गच्चीवरचा

मी पुण्याचा नाही, मिरजेचा. आणि आजोबा खोटं बोलले नाहीत. ओट्यांवर साहेबाने दुर्बीण मांडली एवढंच ते म्हणाले ना? ते शंभर टक्के खरं. हेलियम नंतर कोणीतरी चिकटवला. मुलांना खरं सांगा: ज्याने हेलियमचं बारसं केलं तो माणूस, जगभर नाव झालेला, तीस वर्षांनी स्वतः तुमच्या किल्ल्यावर आला. हे थोडं आहे का?

खोडदची_माहेरवाशीण

पुण्याचं निघालंच आहे म्हणून माझंही दुखणं. त्याच 1898 च्या ग्रहणाला कावसजी नायगमवाला पुण्याहून सोलापूर जिल्ह्यात जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, 20 इंची आरशाची दुर्बीण, तेव्हा देशातली सर्वांत मोठी. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली, सामान कोडाईकनालला गेलं. पुण्यात आज दहा जणांना विचारा, एकाला तरी नाव माहीत आहे का बघा. खोट्या हेलियमचे सोहळे, आणि खऱ्या माणसाला कोणी विचारत नाही.

मेघनाद साहांचंही तेच. वर्णपटातली रेघ ठळक की फिकी यावर मूलद्रव्य किती ते ठरत नाही, तापमानही लागतं, हे त्यांच्या 1920 च्या समीकरणाने दाखवलं. त्यावरून सेसिलिया पेन हिने 1925 मध्ये काढलं की तारे बहुतांशी हायड्रोजनचे आहेत. रसेलसाहेबांनी तिला ते अशक्य म्हणून मागे घ्यायला लावलं आणि चार वर्षांनी स्वतः कबूल केलं. अख्खं ताराशास्त्र या हायड्रोजनवर उभं आहे.

स्पष्टवक्ता

माझा प्रश्न कुठल्या कुठे गेला. ताऱ्यांचं एकवेळ ठेवू बाजूला. तुमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) थाळ्या आमच्या पैशाने उभ्या आहेत आणि पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावचा मार्ग त्यांच्यापायी अडला. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह, कशा बदलल्या हे त्या थाळ्या सांगतात म्हणे. काय सांगितलं?

खोडदची_माहेरवाशीण

रेल्वेचं मलाही वाईट वाटतं. माहेरी जायला मला अजून एसटीच. ते दुखणं खरं आहे, त्यावर वाद घालणार नाही.

पण काय सांगितलं ते ऐका. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, 25 किलोमीटरवर पसरलेल्या. लहानपणी आम्ही शेतातून बघायचो: थाळी पत्र्याची नाही, बारीक तारांची जाळी, पलीकडचे ढग आरपार दिसतात. गोविंद स्वरूप यांनी मुद्दाम तशी केली, वारा आरपार जावा आणि खर्च कमी यावा म्हणून. त्या जाळीवर गार हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची लहर पकडतात. 2020 मध्ये पुण्याच्या चमूने 7,653 दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला. निघालं असं की त्या इतक्या वेगाने तारे घडवत होत्या की बाहेरून नवा वायू आला नाही तर एक-दोन अब्ज वर्षांत साठा संपावा. विश्वात तारे जन्मायचा वेग नंतर का घसरला, त्याचं कारण इथे सापडतं.

स्पष्टवक्ता

म्हणजे एकही दीर्घिका दिसली नाही. बेरीज दिसली.

खोडदची_माहेरवाशीण

हो, बेरीज. लांबून एकेका वारकऱ्याचा टाळ ऐकू येत नाही, दिंडी ऐकू येते. दिंडी नाहीच असं कोणी म्हणेल का?

स्पष्टवक्ता

बरं. "रचलेल्या गोष्टी" हा शब्द मागे घेतो. "पाहिलं" हा शब्द मात्र तुम्ही लोकांनी जपून वापरावा. तुम्ही मोजता, जुळवता, बेरीज करता. तसं म्हणा, मग माझी तक्रार नाही.

गच्चीवरचा

तेवढं मान्य. मीही "वाचता येतं" म्हणेन, "पाहिलं" म्हणणार नाही.

शाळामास्तर

दोन दिवस गप्प होतो. बावीस वर्षं मी हेलियम आणि विजयदुर्ग शिकवलं. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ऑगस्टात तर कोकणात पाऊस असतो, साहेबाला सूर्य दिसला कसा?" मी तिला खाली बसवलं. वर्ग हसला. तिचा चेहरा काल रात्रभर डोळ्यांसमोर होता. ती आता कुठे आहे मला माहीत नाही. ती हे वाचत असेल तर: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता.

विजयदुर्गकर

मास्तर, तुमचं वाचून उगाच भांडलो असं वाटलं. तरी 18 ऑगस्ट सोडायला मन होत नाही, गावात सांगू कसं? पण जानेवारीत आभाळ निरभ्र असतं आणि बागेत मोहोर असतो. येत्या 22 तारखेला ओट्यांवर मुलांना जमवतो. गच्चीवरचे, दुर्बीण घेऊन याल का? मुक्काम माझ्याकडे. मास्तर, तुम्ही तो टूथपेस्टचा खोका आणा.

गच्चीवरचा

आलो. 21 ला संध्याकाळीच पोचतो, म्हणजे रात्री मृग दाखवता येईल.