मदत हवी आहे: सायनसच्या कॅन्सरमध्ये पी-१६ पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं का?

काकांच्या एथमॉइड सायनसमधल्या (दोन डोळ्यांच्या मधली हाडातली पोकळी) गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये 'पूअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा' (पेशी मूळ कोणत्या प्रकारच्या हे नीट ओळखू न येणारा कॅन्सर) आहे. आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रोटीन रंगवून बघायची तपासणी): पॅनसायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह, पी-४० निगेटिव्ह, सिनॅप्टोफायसिन तुरळक, पी-१६ पॉझिटिव्ह, केआय-६७ ७०%. पी-१६ पॉझिटिव्ह असेल तर पेशंट लवकर सुधारतो असं वाचलं. खरं आहे का?

प्रतिसाद १
तो नियम टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरचा, सायनसला लावू नका. पी-१६ हे प्रोटीन तिथे एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) असल्याची खूण मानतात, पण इथे एचपीव्ही नसतानाही ते सर्रास पॉझिटिव्ह येतं. खात्री करायची तर एचपीव्हीची इन-सिटू हायब्रिडायझेशन टेस्ट (गाठीत थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) लागते.

मुळात निदानच अर्धवट आहे. हा पॅटर्न एसएनयूसीकडे (सायनोनेझल अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा, नाक-सायनसचा कुठल्याच ठरावीक प्रकारात न बसणारा कॅन्सर) झुकतो, पण ते नाव बाकीचं सगळं वगळल्यावरच द्यायचं. आयएनआय-१, बीआरजी-१ आणि एनयूटी हे तीन स्टेन (त्या-त्या प्रोटीनसाठीचे रंग) झालेत का विचारा. आयएनआय-१ मध्ये 'निगेटिव्ह' हीच वाईट बातमी, कारण निरोगी पेशीत ते प्रोटीन असतंच. मात्र त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगलेल्या हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर स्टेन फसलाय, परत करायला सांगा. एनयूटी पॉझिटिव्ह आला तर आजार फार आक्रमक.

या तिन्हींमध्ये काही सापडलं नाही तर आयडीएच-२ हा जनुक बघा. त्यात आर-१७२ या जागी म्युटेशन (बदल) असलेल्या गाठी आयएनआय-१ गेलेल्या गाठींपेक्षा बऱ्या वागतात असं दिसतं. ब्रेन ट्यूमरसाठीची नेहमीची आयडीएच-१ अँटिबॉडी हे म्युटेशन पकडत नाही, त्यासाठी सहसा सीक्वेन्सिंग (डीएनए वाचायची तपासणी) लागतं.

प्रतिसाद २
सीक्वेन्सिंगला पाठवण्याआधी लॅबला एक विचारा: तुकड्यात हाड होतं का, आणि ते ॲसिडने मऊ केलं का? तीव्र ॲसिडमध्ये डीएनए तुटतो आणि स्टेनही फिके येतात. ईडीटीए (हाड मऊ करणारं सौम्य रसायन) वापरलं असेल तर ठीक. नाहीतर हाड नसलेला दुसरा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) निवडायला सांगा.

धागाकर्ता
धन्यवाद. आणि केआय-६७ ७०% म्हणजे?

प्रतिसाद १
पेशी वेगाने वाढताहेत, एवढंच. या गटात तो बहुतेकांचा जास्तच असतो, त्यावरून आयुष्याचा अंदाज बांधू नये. डोळ्याच्या खोबणीच्या टोकाला किंवा ड्युराला (मेंदूवरच्या आवरणाला) गाठ भिडली आहे का, हे एमआरआयमध्ये बघा. त्याचं वजन जास्त. एसएनयूसी ठरलं तर बऱ्याच ठिकाणी आधी केमो देतात आणि गाठ किती आक्रसली त्यावर पुढे केमो-रेडिएशन की सर्जरी हे ठरवतात. म्हणून सर्जरीची तारीख घेण्याआधी हे स्टेन उरका.

प्रतिसाद २
सेकंड ओपिनियनला नुसत्या स्लाइड नेऊ नका, पॅराफिन ब्लॉकही घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का, ते काउंटरवरच तपासा.