उत्तर: व्याख्या पाठ, पण लाकूड आलं कुठून?

व्याख्या आणि आकृत्या पक्क्या केल्या की जीवशास्त्राची उजळणी झाली, असं वर म्हटलंय. आकृत्यांचं पटलं, व्याख्यांचं अर्धंच. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना विचारून बघा, वडाच्या एवढ्या मोठ्या खोडाचं वजन आलं कुठून? शिकवणीत मला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : मातीतून.

हाच प्रश्न सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञानं तपासला होता. कुंडीत सुमारे ९० किलो सुकी माती, त्यात विलोचं रोप, आणि ५ वर्षं फक्त पाणी. झाड सव्वादोन किलोवरून सुमारे ७७ किलोवर गेलं. माती मात्र साठेक ग्रॅमनंच घटली. सगळं वजन पाण्याचं, असा निष्कर्ष त्यानं काढला आणि तिथं तो चुकला, कारण लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. (पण तराजू वापरायचं सुचलं, हे काय कमी आहे?) ही गोष्ट सांगून 'त्याचं कुठं चुकलं?' एवढंच विचारलं की तेच समीकरण मुलं पहिल्यांदा नीट वाचतात.

त्याच बैठकीत श्वसनही उरकून घ्या. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात, रात्री श्वसन' हा तक्ता वह्यांतून आधी खोडायला लावा. पेशीत श्वसन करणाऱ्या तंतुकणिका दिवसाही कामावर असतात, मुळांच्या पेशींना तर प्रकाशसंश्लेषण करणारी हरितलवकंच नसतात, म्हणजे त्या श्वसनावरच जगतात. कुंडीत पाणी साचून राहिलं की मुळं का कुजतात, हा त्यावरचा पुढचा प्रश्न.